वीतभर वर

प्रिय हार्लन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता दुसरीच्या हातून लिहून घेतला आहे. एकोणीस वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही, आणि आता पाठवते आहे तीही अशी लबाडीने. पण वाच. हे डेलबद्दल आहे आणि तुझ्या हाताबद्दल आहे. त्या हाताने तुझ्या भावाचा घात केला असं तू इतकी वर्षं धरून चालला आहेस. ते तसं नाही. शिव्या द्यायच्या त्या शेवटपर्यंत वाचून मग दे, भरपूर दे.

पत्ता लिहिला तो मेरिट नावाच्या पोरीने. वनखात्यात आहे, सव्वीस वर्षांची, दक्षिण फाट्यावरच्या चौक्यांना खेचरांवरून सामान पोचवते. तोंडाने फटकळ, खेचरांशी मात्र लाडात बोलते. या सोमवारी तिने आपल्या काकाचा जुना रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "इंगा, नेमाची पक्की खाच राहू दे की स्क्रूवाली बसवून देतेस? तिकडे अस्वलं फार झालीत." बाबांच्या वेळेपासून या दुकानात हा प्रश्न येतो आणि तेव्हापासून आमचं उत्तर ठरलेलं. डोंगरात पक्कीच. नळीच्या टोकाला माशी, मागे पोलादातच कोरलेली खाच, दोन्ही एका ओळीत आणायच्या आणि घोडा दाबायचा. मोडायला काही नाही, हलायला काही नाही, कमरेच्या होल्स्टरमधून उपसताना अडकायला काही नाही. हे सगळं मला झोपेतही म्हणता येतं. पण सोमवारी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. मेरिट म्हणाली, "काय गं, दाढ दुखतेय का?" मी तिला स्क्रूची खाच बसवून दिली. अस्वलासाठी जी काडतुसं नेणार तीच घेऊन ये म्हटलं, खडीच्या खाणीवर नेऊन तिच्याकडून तीस गोळ्या झाडून घेतल्या, स्क्रू फिरवून नेम जुळवला आणि मगच तिला जाऊ दिलं. मनगट चोळत ती म्हणाली, "बाई आहेस का कोण आहेस!" ती गेल्यावर मी दाराची पाटी उलटी केली. तेव्हापासून दुकान बंद आहे.

गावात नवीन फारसं काही नाही. धान्याच्या कोठाराला पुन्हा रंग दिला, तोच भिकार हिरवा. चर्चला कोणी पाद्री टिकत नाही. तुझी आई मार्चपासून तालुक्याच्या वृद्धाश्रमात आहे. आधी खुबा मोडला, आता हृदय साथ देत नाही. तुला कोणी कळवलं की नाही मला ठाऊक नाही. मी दर गुरुवारी जाते, बटाट्याची पोळी आणि लोणी घेऊन. पोळी जाड झाली आहे असं दर वेळी म्हणते आणि सगळी खाते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली तरी जिभेला गंज नाही. तुझं नाव मात्र तिने डेलला पुरल्यापासून घेतलं नव्हतं.

आता सत्त्याऐंशीचा ऑगस्ट. तू दुकानात आलास तेव्हा कॉफीच्या किटलीभोवती ऑर्विल आणि ते दोघे स्वेनसन भाऊ बसले होते. एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसणं एवढाच ज्यांचा व्यायाम, ते. तू तुझा रिव्हॉल्व्हर पुढे केलास आणि म्हणालास की याला स्क्रूची खाच बसव. कारणही सांगितलंस. उन्हाळाभर मी हलकी काडतुसं झाडतो, स्वस्त पडतात, मनगटही दुखत नाही. हंगामात अस्वलासाठी जड भरतो. हलकी गोळी खाली लागते, जड वर लागते. स्क्रू असला की ऋतू बदलला, नेम बदलला, भानगड मिटली. हार्लन, ते अगदी बरोबर होतं. त्या दुकानात त्या दिवशी जर कोणी बंदूकवाल्यासारखं बोललं असेल तर ते तू. आणि मी काय केलं? नवऱ्याने चार माणसांत मला माझा धंदा शिकवावा याचाच मला राग आला. मी म्हटलं, "अस्वल आलं की त्याला थांबायला सांग, म्हणावं जरा स्क्रू पिळून घेतो." ऑर्विल कॉफी नाकात जाईपर्यंत हसला. तूही हसलास. तुला माझं बोलणं कधी लागायचं नाही, किंवा लागलं तरी तू दाखवायचा नाहीस. म्हणालास, "बरं बाई, पक्की तर पक्की. पण मग नेम तूच लावून दे."

पक्क्या खाचेचा नेम लावायचा म्हणजे काय, हे तू दहा वेळा पाहिलं आहेस. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने थोडी घासायची. माशी बुटकी झाली की नळी वर उचलली जाते आणि गोळी वर चढते. बाबांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला कान पिळून शिकवला होता. जी गोळी पोटासाठी किंवा जिवासाठी झाडायची तीच घालून नेम लावायचा, आणि तरीही माशी केसभर उंच ठेवायची. घासलेलं परत लावता येत नाही. त्या शनिवारी खडीच्या खाणीवर तुझ्याकडे फक्त हलकी काडतुसं होती. तू म्हणालाससुद्धा, "थोडी राखून घास, सप्टेंबरात जड घेऊन पुन्हा येऊ." पण ऑर्विल आणि मंडळी मागोमाग गंमत बघायला आली होती. तुझी गोळी डब्याच्या खाली धूळ उडवत होती आणि ते खिदळत होते. मी एप्रनमधून कानस काढली. तीन हात मारले, तू झाडलीस. आणखी तीन मारले. डबा उडाला. मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, आता मधोमध. आणि डब्याच्या मधोमध भोक पडेपर्यंत मी घासत राहिले. ऑर्विलने टोपी काढून मला सलाम केला. मला काय वाटलं म्हणून सांगू? सुख वाटलं. एका दारुड्याच्या सलामाचं सुख.

सप्टेंबरात आपण पुन्हा गेलो नाही. माझ्याकडे शिकाऱ्यांच्या रायफली रांगेने येऊन पडल्या होत्या, तुझी खेचरं नालासाठी अडली होती. विसरले म्हणायलाही मला जागा नाही. तुम्ही दोघे डोंगरावर निघालात त्या सकाळी फळीवरून जड काडतुसांचा खोका मीच काढून तुझ्या हातात दिला. त्या वेळी मनात आलं होतं, हार्लन. एवढं आलं की ह्याला म्हणावं, जाता जाता खाणीवर दोन झाडून बघ. पण डेल ट्रकमध्ये हॉर्न वाजवत होता आणि ओरडत होता, "वहिनी, त्याचा मुका घ्यायचा तर घे, नाहीतर डोंगरातली एल्क हरणं म्हातारी होऊन मरतील!" मी हसले आणि आत गेले. तूही झाडून बघितली नाहीस. दुसऱ्या कोणाकडून नेम लावून आणला असतास तर नक्की बघितली असतीस, तू तसा माणूस. पण या गावात बंदूकवालीचा नवरा बायकोचं काम तपासून बघत नाही. तसं केलं तर चारचौघांत तिचा अपमान होतो. तू माझा मान राखलास.

पुढचं तू मला एकदाच सांगितलंस, शेरिफच्या कचेरीबाहेर, आणि मला ते पाठ आहे. आदल्या संध्याकाळी डेलने एल्क पाडला. अर्धं मांस तुम्ही खाली आणलंत, अर्धं झाडीत टांगून ठेवलंत. सकाळी ते आणायला गेलात. डेल पुढे, तू खेचरं बांधत मागे. रात्रीतून त्या मांसावर ग्रिझली अस्वलिणीने हक्क सांगितला होता. तू ओरडणं ऐकून पळत आलास तेव्हा ती डेलच्या अंगावर होती. मधे पडलेल्या झाडांचा गुंता, तीस पावलं अंतर. डेल खाली म्हणून तू नेम तिच्या खांद्याच्या वरच्या कडेला धरलास. गोळी चुकली तर वरून जावी, भावाला लागू नये, म्हणून. चार गोळ्या. एकही लागली नाही. मग तू त्या ओंडक्यांवरून धडपडत अंगावर गेलास आणि पाचवी कानाला टेकवून झाडलीस. अस्वल मेलं. डेल तोवर गेला होता. डॉक्टर म्हणाला, मान शेवटी मोडली, अगदी शेवटी.

गावाने निकाल लावायला दोन दिवस घेतले नाहीत. गाईएवढं जनावर, तीस पावलं, चार गोळ्या फुकट. हार्लनचा हात कापला. कोणी म्हणालं घाबरला, कोणी म्हणालं आदल्या दिवशीची उतरली नव्हती. तू आणि डेलने रात्री कोकोशिवाय काही घेतलं नव्हतं, हे मला माहीत होतं, मीच तो डबा बांधून दिला होता. तू एकदा, एकदाच, किटलीजवळ म्हणालास की बंदूक वर मारत असेल का कोण जाणे. त्यावर ऑर्विल काय म्हणाला ते तू विसरला नसशील. "नाचता येईना, अंगण वाकडं." मी काउंटरच्या मागे होते. मी हातातली रायफल पुसत राहिले. दफनाच्या वेळी तुझी आई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "एवढं मोठं जनावर, हार्लन. तुला दिसलं नाही?" आणि तिने तोंड फिरवलं. मी तुझा दंड धरून उभी होते. तेव्हा मला अजून खरं माहीत नव्हतं. शंका होती. शंका असलेल्या बाईनेसुद्धा काहीतरी बोलायला हवं होतं.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी वर गेले. तुला सांगितलं, राहिलेलं खोगीर आणायला जाते. जागा सापडायला वेळ लागला नाही, कावळे होते. तू उभा होतास त्या जागी, पडलेल्या झाडांपाशी, काडतुसांची चार पितळी टरफलं मिळाली. झाडल्यावर टरफलं रिव्हॉल्व्हरमध्येच राहतात, मग ही इथे कशी, असा मला आधी प्रश्न पडला. मग कळलं की वनरक्षकाने रिव्हॉल्व्हर रिकामा करून ती तिथेच फेकली होती, पाचवं थोडं लांब होतं. मी तिथे उभी राहून समोर बघितलं. जिथे डेल पडला होता त्याच्या मागे वाळलेला देवदार होता. वनरक्षकाने अहवालात लिहिलं होतं, चार गोळ्या मागच्या झाडात. एवढंच लिहिलं होतं, कारण त्याच्या दृष्टीने चुकलेली गोळी ती चुकलेली गोळी. मी झाडाजवळ गेले. चारही भोकं शेजारी शेजारी होती. मी त्यांच्यावर तळहात ठेवला आणि ती सगळी झाकली गेली.

हे तुला मी सांगायला नको, तरी लिहिते, कारण तू कधी ते झाड बघायला गेलाच नाहीस. कापणारा हात चार गोळ्या चार दिशांना फेकतो. भाऊ डोळ्यांसमोर फाडला जात असताना, धाप लागलेली असताना, तीस पावलांवरून तळहाताखाली मावतील अशा चार गोळ्या घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बाबांनाही जमलं नसतं. तुझा हात दगडासारखा स्थिर होता. चारही गोळ्या तू जिथे म्हणालास तिथे गेल्या, फक्त वीतभर वर. ती वीत माझ्या कानशीची.

तरी मी खात्री करून घेतली. शेरिफने रिव्हॉल्व्हर परत दिला तेव्हा तू झोपून होतास, मी एकटी खाणीवर गेले. जड काडतूस, तीस पावलं, फळीवर काढलेलं वर्तुळ. वीतभर वर. पुन्हा झाडली. वीतभर वर. आणि मग मी जे केलं ते कानशीपेक्षा वाईट आहे. घरी येऊन घासलेली माशी काढून टाकली आणि नवी, उंच, त्याच घडणीची बसवली. जड गोळीला नीट जुळेल अशी लावली, नळीच्या रंगाला मिळेल अशी निळी केली, कोणाला कळू नये म्हणून जरा मळकी केली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण मी झोपा केला तो बैल कोणी सोडला हे लपवायला. दुकान जाईल याची भीती होती, बाबांचं नाव जाईल याची होती. सगळ्यांत जास्त भीती होती ती तू माझ्याकडे कसा बघशील याची.

नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, मी भोपळा सोलत होते. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, "इंगा, खरं सांग. बंदुकीत काही होतं का?" मी वर न बघता म्हटलं, "बंदूक ठीक आहे, हार्लन. मी तपासली." तुला हे शब्द आठवत असतील. ते खोटेही नव्हते, तोवर मी ती ठीक केली होती. तू मान हलवलीस, म्हणालास, "मग मीच." आणि लाकडं फोडायला गेलास. जानेवारीत तू स्पोकेनला निघून गेलास तेव्हा लोकांनी मला धीर दिला. बिचारी, भित्र्या माणसाशी गाठ पडली. मी तो धीर घेतला. त्यांनी घरून करून आणलेलं जेवणसुद्धा खाल्लं.

मी तुझ्यावर फार प्रेम केलं आहे, हार्लन. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं लिहिण्याची सवय मोडायची तर सगळीकडेच मोडायला हवी. तुझ्यानंतर कोणी आलं नाही. मी आता प्रत्येक माशी उंच ठेवते, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. एकोणीस वर्षं इथल्या कोणाही माणसाला मी कमी अचूक बंदूक दिली असेन, पण त्यातली एकही परत घरी न येणाऱ्याच्या हातात गेली नाही. याने काही फिटत नाही हे मला माहीत आहे.

आता हे पत्र का, ते. गेल्या आठवड्यात गुरुवारी पोळी घेऊन गेले तर आईने ती बाजूला सारली. म्हणाली, "कागद आण. हार्लनला लिही की आईने माफ केलं. डॉक्टर म्हणतो पंधरा दिवस. मला हे ओझं वर न्यायचं नाही. त्याला म्हणावं ये, मी तुला माफ करते." मी कागद घेतला. "प्रिय हार्लन, आईने तुला" एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तू येशील, तिच्या पलंगाशी गुडघे टेकशील आणि ती माफी घेशील, हे मला दिसलं. तू घेतलीच असतीस, नाही का? काल पुन्हा गुरुवार होता. काल मी तिला सगळं सांगितलं, खाणीपासून भोपळ्यापर्यंत. तिने विचारलं, "किती वर?" मी हाताची वीत करून दाखवली. तिने ती नीट बघितली, आणि म्हणाली, "तो कागद फाड. दुसरा घे. लिही, तुझी आई तुझी माफी मागते. दफनाच्या दिवशी जे बोलले त्याची. तो आला तर मी त्याच्या तोंडावर मागेन, नाही आला तर हेच मागणं समज म्हणावं. आणि इंगा, तू आता येत जाऊ नकोस." ते रास्त आहे. आज सकाळी तेवढ्यापुरतं दुकान उघडून, किटली मांडून मी ऑर्विलला आणि सगळ्यांना सांगितलं, दुपारी शेरिफकडे लिहून दिलं, सहीसुद्धा केली. तेव्हा तुला इथे कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही आणि मीही तुझ्या वाटेत येणार नाही. वृद्धाश्रमातली नर्स म्हणते, आईने कालपासून आपली खुर्ची दाराकडे वळवून घेतली आहे, जेवायलाही फिरवू देत नाही. रस्ता अजून कोरडा आहे. पत्र मिळेल त्याच दिवशीची बस पकड.

तुझीच म्हणायचा हक्क मीच घालवला, तरी तुझीच,
इंगा